टेलरबाईंचा डेस्कटॉप

टेलरबाईंचा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. साफ खोटं. नाकावर चष्मा असतो. राग टेपसारखा गळ्यात लोंबत असतो, हात घातला की लगेच सापडतो.

बाईंकडे येणारी गिऱ्हाइकं म्हणजे दुकानातला कपडा अंगाला न बसणारी माणसं. एक खांदा उतरलेली, एक पाय आखूड असलेली, ऑपरेशननंतर एका बाजूने रिकामी झालेली. प्रत्येकाच्या अंगाबरहुकूम कापड बेतायचं पॅटर्न काढायचं, म्हणजे पुढच्या वेळी त्या माणसाला पुन्हा उघडंवाघडं आरशासमोर उभं राहावं लागत नाही. पूर्वी ही पॅटर्न खाकी कागदावर होती. बाई कॉम्प्युटर शिकल्या आणि साहेबांनी ते सगळे कागद रद्दीत घातले. "आता पसारा कशाला?" म्हणाले. तेव्हा आठवडाभर त्या घरात फक्त शिलाई मशीन बोलत होतं.

साहेब म्हणजे बाईंचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि घरात स्वतःला बढती देऊन बसले. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान. एक, आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. दोन, आपल्याला दुकानातला कुठलाही शर्ट बसतो. "स्टँडर्ड बॉडी!" असं म्हणून छातीवर थाप मारायचे. गल्लीत कुणी हसायचं नाही, हा गल्लीचा मोठेपणा. कारण साहेब दुपारी घोरायला लागले की बाई निजलेल्या अंगाचं माप घेतात, तो दुकानातला शर्ट उसवतात, डाव्या खांद्यात गादी भरतात, पोटावर जादा कापडाची कळी घालतात आणि दुकानाचं लेबल होतं तिथे परत शिवतात, हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तर त्या दिवशी बाई एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवून घरी आल्या आणि टेबलावर कॉम्प्युटर नाही. कॉम्प्युटरच्या आकाराची धूळ तेवढी होती.

"अहो! कॉम्प्युटर कुठाय?"

"सुरूच होत नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं. दुरुस्तीला देऊन आलो." साहेबांनी पेपर खालीसुद्धा घेतला नाही. "त्याला सांगितलंय, सी पुसून सगळं नव्याने टाक. आपलं काम डीमध्ये सुरक्षित आहे. मी स्वतः लावून ठेवलंय."

सी आणि डी हे कॉम्प्युटरच्या पोटातले दोन कप्पे. बाईंना कप्पे माहीत नव्हते. त्यांची सगळी पॅटर्न समोर पडद्यावरच चिकटवलेली असत. डोळ्यासमोर असलं की हरवत नाही, हा त्यांचा हिशोब.

"माझं सगळं डेस्कटॉपवर आहे."

"अगं, डेस्कटॉप म्हणजे काही जागा नव्हे. तो नुसता देखावा. खरा माल सीमध्येच..." आणि साहेबांचा पेपर आपोआप खाली आला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती टायपिस्ट. अपघातात पाठ वाकलेली. आधाराशिवाय तिला उभं राहता येत नाही. तिचं माप घ्यायला तीन खेपा लागल्या होत्या, आणि तिसऱ्या खेपेला ती वेदनेने रडली होती. "आता पुन्हा नाही ना उभं राहायचं?" तिने विचारलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, "पुन्हा कधीच नाही."

बाई तशाच निघाल्या. गळ्यात टेप, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. मागून साहेब, "अगं हळू!" करत.

दुरुस्तीवाला डबा खात होता. बाईंचा कॉम्प्युटर कोपऱ्यात दोन प्रिंटरांखाली दबला होता.

"पुसलंस?"

"अजून हातच नाही लावला काकू. काकांना म्हटलं होतं ना, दुपारी करतो म्हणून."

"देव तुझ्या आळसाला सुखी ठेवो! जेवण नंतर. आधी हात धू."

त्याने मुकाट्याने डिस्क बाहेर काढली आणि वायरने स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क टकटक वाजू लागली. "काकू, हिचं काही खरं नाही. कधीही बसेल. आधी काय काढू?"

"डीमध्ये 'अत्यंत महत्त्वाचे' म्हणून आहे बघ," साहेब घाईने म्हणाले.

त्याने उघडलं. आत फ्रिजच्या गॅरंटी कार्डाचा फोटो.

"फ्रिज वाचला!" बाई कडाडल्या. "आता तुम्ही त्या स्टुलावर बसा, आणि ओठ शिवल्यासारखे बसा. मी शिवले तर टाके दिसतील. बाळा, सी उघड. टायपिस्टबाई आधी."

कॉम्प्युटरने परवानगी नाकारली. दुरुस्तीवाल्याने बरंच काहीबाही दाबून ती मिळवली. हिरवी पट्टी सरकली, थांबली, टकटकली, पुन्हा सरकली. बाईंनी गळ्यातला टेप मुठीत आवळला होता. टायपिस्टबाई आली. मागून बाकीची माणसं एकेक करत आली. दोन फायली मात्र येता येता तुटल्या. बाईंनी ती दोन नावं मनात घोकली, आणि साहेबांकडे असं पाहिलं की स्टूलसुद्धा मागे सरकलं.

"एखादी उघडून बघा काकू, नीट आली का."

कुठलीही उघडता आली असती. रागाच्या भरात बाईंनी 'आमचे हे' उघडली.

पडदाभर शर्ट पसरला. डावा खांदा दीड इंच खाली. पोटाला उजवीकडून कळी. कॉलरमागे बाक.

"अरे बापरे," दुरुस्तीवाला म्हणाला, "हे कोण? फारच अवघड केस दिसते."

"स्टँडर्ड बॉडी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. मग हळूच स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि आतली गादी चाचपली. इतकी वर्षं झाकलेलं बाईंनी परक्या माणसासमोर उघडं केलं होतं. तरी राग गेला नाही. तो आता दोघांत वाटला गेला, अर्धा साहेबांवर, अर्धा स्वतःवर, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाई तुटलेल्या फायलींच्या गिऱ्हाइकांना फोन करून माफी मागत होत्या. शेवटचा फोन ठेवून वळल्या, तर आरशासमोर बनियनवर साहेब, दोन्ही हात आडवे पसरून उभे.

"घे," म्हणाले. "जागेपणी घे एकदा माप."

बाईंनी गळ्यातला टेप काढला. "पोट आत ओढू नका," त्या खेकसल्या. "मला खरं माप लागतं."