रिव्हर्स टाकला की बंद पडायचं जीपडं

"आवो पाय काढू नका! रेस सोडू नका ना!" मी बोंबलायलते, आन् जीपडं भुक भुक करून बंद पडलं. परत. ह्यांनी परत स्टार्टर मारला, परत धरलं, काळा धूर झाला, आवाज चढला... आन् रेसवरचा पाय जरा उचलला की झालं. थंड. आन् माझं पोरगं सापडंना झालतं. दीड वर्साचं पोरगं. चिंचंच्या फांदीला बांधलेली झोळी नुस्ती वाऱ्यानं हलायलती आन् आत कुणीच न्हाई.

थांबा, नीट सांगते. हे मी फोनमधी बोलून लिवायले, चुकलं तर संबाळून घ्या. मी आठवीपातूर शिकलेली, म्हायेर खटकचिंचोळी. आमची शाळा मराठी, पुढं हायस्कूलला सगळं कन्नड आलं आन् मी शाळाच सोडली. सासर मंठाळच्या बाजूला. ह्या ग्रुपवर तुमचे अनुभव मी वाचत असते, पर खरं सांगू का, मला वाटायचं लोकं रचून लिवतेत. आमी लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग हाय. भूत, उतारा, अंगात येणं, काईच मानत न्हाईत. माझे सासरे, त्यान्ला मी मामा म्हणते, ते तर म्हणतेत, "भ्या वाटलं की ओम नमः शिवाय म्हणायचं आन् टॉर्च लावायची. नामानं न्हाई गेलं तर उजेडानं जातंय." मी बी तसलीच. आजून बी तसलीच हाय म्हणा. पर ह्या एका गोष्टीचं मला काई कळंना झालंय.

सोयाबीनची रास झाली त्या दिवशीची गोष्ट. दुपार कलायलती, ऊन मात्र कडक. मळणीचं मशीन निगून गेल्तं, पोती घरी पोचली व्हती. रानात ऱ्हायलो आमी तिघं, म्हंजे मी, मामा आन् आमचे हे, आन् झोळीत शैलू. त्याला सर्दी व्हती म्हणून सकाळी औषध दिल्तं, त्येनं गुंगी येती, गाढ झोपलता. मी म्हणले तवर भुईवरलं वेचून घेते. वाकून वेचायले, वेचायले... वर बगितलं तर झोळी पोकळ.

आधी वाटलं मामांनी घेतलं आसंल. मामा म्हणले मी कुठं घेतलो. ह्यान्ला वाटलं माझ्याजवळ हाय. मग जे पळायला लागलो आमी... पैली हीर. आमच्या रानातली हीर उघडी हाय, कठडा न्हाई. हे वाकून बगायलते आन् मी डोळे मिटून लांब हुबी, मला बगवंना. पाणी हललेलं न्हाई म्हणले. मग उसात, मग जनावरांच्या कोट्यात, मग परत हिरीवर. मी "शैलू... शैलू..." करून नरडं फाडायले आन् तेवढ्यात बांधावरून नागअक्का आली, शेजारच्या रानातली.

"अय्यो, येनायतु?" म्हणली. काय झालं म्हणून इचारली.

मी सांगितलं तर तिचं तोंडच उतरलं. म्हणली, "आग बाई, आत्ताच एक बाई गेली की गाडीवाटंनं रोडकडं. कडंवर लेकरू व्हतं, वर पदर टाकलेला. मी म्हणलं कुणाची सून हाय, वळखीची दिसंना..."

झालं. तुमच्या बी फोनवर आलंच आसंल ते, पोरं पळवणारी टोळी फिरायली म्हणून. माझ्या फोनवर त्याच हप्त्यात कितीदा आल्तं. ह्यांनी जीपड्यातली लोखंडी टॉमी काढली, जॅकची, आन् आपल्या बाजूच्या सीटवर ठिवली. त्यांचं तोंड बगून मला आजून भ्या वाटलं.

मामा म्हणले, "शिवा, गावात फोन लावू नको आधी. पोरं काठ्या घिऊन निगतील, कोण हाय काय हाय बगणार न्हाईत. आपण जाऊन बगू."

"तुमी बगत बसा आप्पा," हे म्हणले, आन् स्टार्टर मारला.

आमचं जीपडं जुनं हाय, डिझेलचं, चारी चाकाला जोर असलेलं. चिखलात ट्रॅक्टर रुतंल पर हे रुतत न्हाई. खत, पोती, दुधाचे कॅन, पाव्हणे, सगळं त्यातच. कवाच दगा दिलेलं न्हाई. आन् त्या दिवशी, आमच्या लगनापासून पैल्यांदा, हुबं असताना चालूच ऱ्हाईना. पाय दाबून धरला की चालू, पाय सोडला की बंद. जीपड्याचं तोंड बांधाकडं व्हतं, म्हणून मागंच घ्यायचं व्हतं. रिव्हर्स टाकायला जाईस्तवर बंद. परत मारलं, परत बंद.

मी म्हणले पळत जावा. तर म्हणले, "रोड काय इथं हाय का? मी पळंस्तवर ती आटोत बसून बसवकल्याणला जाईल!"

मग ह्यांनी खाजाभाईला फोन लावला. आमचा मेकॅनिक. फोन स्पीकरवर करून बोनेटवर ठिवला.

"खाजाभाई, रेस छोड्या की गाडी बंद होरी! जल्दी बोलो!"

"हवा पकडी होगी," तो आरामात बोलायला, त्याला काय ठाव. "फिल्टर के ऊपर का बोल्ट ढिल्ला करो, हातपंप मारो. फेस आरा क्या देखो."

ह्यांनी पाना लावला, मी हातपंप मारायले. माझ्या हातातल्या बांगड्या फुटल्या, मला कळलं बी न्हाई. डिझेल आलं वर... साफ. फेसाचा एक बुडबुडा न्हाई.

"फेस न्हाई खाजाभाई!"

"टाकी का ढक्कन खोलके देखो. उसका छेद बंद हुआ तो भी ऐसाच होता."

मामांनी झाकण काढलं. हवा शिरल्याचा फुस्स न्हाई, काई न्हाई. बोनेटवरल्या फोनातून खाजाभाईच्या तिकडचं टीव्हीचं गाणं ऐकू यायलतं आन् मला वाटायलं तो फोन हिरीत फेकून द्यावा.

"स्लो का इस्क्रू आधा पेच घुमाव."

गाडी हुबी असताना इंजन चालू ठिवतो तो स्क्रू, गंजलेला. पाना घसरला, ह्यांच्या बोटाला लागलं, रगत आलं, स्क्रू हलला न्हाई ते न्हाईच. हे जीपड्याला शिव्या द्यायलते, मी ह्यान्ला, आन् मामा आमा दोघान्ला. "भांडा! भांडा तुमी! पोरगं गेलं आन् हे भांडायलेत!" नागअक्का पदर तोंडात धरून रडायलती.

मग खाजाभाईला समजलं काय झालंय ते. एकदम आवाज बदलला त्याचा. "भाभी, रो नक्को. सुनो. भाई सीट पो बैठेगा, तुम पंप का लिव्हर हात से खींचके पकडो. पूरा खींचो, छोड्ना नक्को. भाई आराम से गिअर डालेगा. फिर बंद होने का सवालच नै."

हे खरंच हाय बगा, समजून घ्या. रेसचं पायडल पायानं दाबा नायतर पंपाचा लिव्हर हातानं वढा, एकच गोष्ट. मी हातानं धरून ठिवल्यावर ह्यांचा पाय मोकळा. इंजन बंद पडायचा प्रश्नच न्हाई, ते जोरातच चालणार.

मी बोनेटखाली वाकले. ह्यांनी स्टार्टर मारला. चालू झालं! मी लिव्हर वढला तसं जीपडं वाघावानी वरडायलं. इतका आवाज, इतका धूर, सगळं अंग थरथरायलं.

तेवढ्यात मला आठवलं. मी वरडले, "आवो, मागं ताडपत्री हाय! गुंडाळून ठिवलेली!"

"असू दे! फाटली तर फाटली!"

मी बी म्हणले, असू दे. खरंच म्हणले. ताडपत्रीचं काय घिऊन बसायचं तवा.

रिव्हर्सचा खडर्र आवाज आला. आन् बंद पडलं.

माझ्या हातात लिव्हर पुरा वढलेला. पुरा! मी सोडला न्हाई. उलट... कसं सांगू, लोकं हसतेत... लिव्हर माझ्या बोटातून हळूच मागं गेला. झटका न्हाई, जोर न्हाई. लेकरू झोपंत आपलं बोट सोडवून घेतंय की न्हाई, तसा. आन् भुक भुक बी केलं न्हाई ह्या टायमाला. दिवा इजल्यावानी, फुस्सदिशी गप.

आन् त्या टायमाला कुणीच काई बोललं न्हाई. आधी दर बारीला बंद पडलं की आमचा आरडावरडा सुरू व्हायचा. ह्या टायमाला हे स्टेरिंगवर डोकं टेकून बसले. मामा खाली बसले. नागअक्का गप. फोनवरला खाजाभाई बी गप. सगळं रान गप झालतं.

आन् मागून खोकल्याचा आवाज आला.

बारका. सर्दीचा. माझ्या पोराचा खोकला मी हज्जार पोरात वळखीन.

मी कशी पळाले मला ठाव न्हाई. ताडपत्रीची गुंडाळी जीपड्याच्या मागच्या चाकाला चिकटून पडलेली. वरचा पदर उचलला तर आत शैलू, आंगठा तोंडात, घामानं डबडबलेला, तोंड लालभडक. झोळी भुईपासून इतभरच वर व्हती, तितून उतरला आसंल, सावली बगून ताडपत्रीत शिरला आसंल, आन् गुंगीतच परत झोपला. त्याचं डोस्कं आन् ते चाक ह्यात माझा तळहात बी मावला नसता. बाजूनं नुस्तं बगितलं तर ताडपत्रीच दिसायची. आमी तिगंबी तिच्या बाजूनं किती चकरा मारलो आसंल.

मी त्याला उराशी धरून तितंच भुईवर बसले. रडू बी येईना. हे आले, पोराच्या पायाला हात लावला, मग चाकाला लावला, आन् वकायला लागले. मामांनी ताडपत्रीवर डोकं टेकलं. फोन बोनेटवर तसाच, त्यातून खाजाभाई वरडायला, "मिल्या क्या? मिल्या क्या बच्चा? अरे कोई तो बोलो!"

आन् आता हे ऐका. पोराला पाणी पाजलं, तोंड पुसलं, त्येनं मला "आई भूक" म्हणलं, मग आमी घरी निगालो. ताडपत्री वर टाकली. ह्यांनी भीत भीत स्टार्टर मारला. एका टायमात चालू. पाय काढला... चालूच. टुक टुक टुक टुक, नव्या गाडीवानी. हे पाय वर उचलून मला दाखवायलेत, बग, बग, दोनी पाय वर हायत.

रोडला लागलो तर ती बाई तितं वडाखाली बसलेली आटोची वाट बगत. कडंवरलं लेकरू तिचंच. लेकराला ताप व्हता म्हणून दवाखान्यात निगालती, म्हणून वर पदर. हे तिला बगून जीपडं थांबवले. टॉमी आजून सीटवर व्हती. ह्यांनी ती हळूच पायाखाली सारली आन् म्हणले, "अक्का, बसा, सोडतो." आमी तिला दवाखान्यापातूर सोडलो. तिला काईच ठाव न्हाई. ती बिचारी माझ्या शैलूला बिस्कुट द्यायली. जीपडं आधीच चालू झालं असतं, तर शैलू चाकाखाली आन् ही बाई टॉमीखाली. त्या दिवशी दोन लेकरं गेली असती का तीन माणसं, मी मोजतच न्हाई.

दुसऱ्या दिवशी खाजाभाई घरी आला. समदं खोलून बगितला. फिल्टर साफ, पायपात हवा न्हाई, डिझेलात पाणी न्हाई. स्क्रू तसाच गंजलेला. म्हणला, "बुडबुडा अटक्या होगा, निकल गया." मी म्हणले, बरं, आधीचं समदं बुडबुड्यानं झालं, मानते. पर खाजाभाई, मी लिव्हर पुरा वढून धरलता, तो आपोआप मागं गेलाच कसा? त्येनं चहाचा कप खाली ठिवला, जीपड्याकडं बगितला आन् म्हणला, "वो मेरेको नै मालूम भाभी. कुछ बी नै है इसमें."

मामा म्हणतेत बसवण्णाची दया. हे म्हणतेत नशीब. मी रोज सकाळी शैलूच्या कपाळाला इभूत लावते, तशी जीपड्याच्या बोनेटला बी लावते. घरातले हसतेत. नागअक्का म्हणती, "तुला आता दोन पोरं हायत, एक डिझेल पिणारं."

त्येच्यानंतर जीपडं एकदा बी बंद पडलं न्हाई. पर आता पंपातून डिझेल गळायलंय, धूर लई मारायलंय. खाजाभाई म्हणतो पंप काडून कलबुर्गीला पाठवायचा, आतलं समदं बदलून येतंय. काल सकाळी पाने घिऊन आलाच तो. आन् मी बोनेटसमोर जाऊन हुबी ऱ्हायले. हलले न्हाई. चावी माझ्या कमरंला खोचलेली.

हे लई चिडले. "येडी झालीस का? लोखंड हाय ते!"

"असू दे," मी म्हणले. "त्या दिवशी त्येच्यात जे व्हतं ते आजून आत आसंल तर? बदलून फेकून देतील ना."

मग हे माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणले, "आन् उद्या पोरगं आत बसलेलं असताना मधी रोडवर बंद पडलं, मागून ट्रक आला, तर?"

खाजाभाई पाने पिशवीत घालून परत गेला. हे रातच्याला ताट घिऊन बाहीर जाऊन जेवले. त्यांचं बी चूक न्हाई, मला कळतंय. पर माझा हात चावी द्यायला हुईना झालाय.

तायांनो, भावांनो, तुमी सगळे शिकलेले हाव. माझ्या जागी तुमी बोनेटसमोर हुबे असता, तर खोलू दिलं असतं का?