होडीतून गेलेला नायक

ओल्या शाडूचा वास आला की पेणमधला आमचा गणपतीचा कारखाना आठवतो. त्या दुपारी आम्ही रंगकाम करणाऱ्या बायका अगदी हमरीतुमरीवर आलो होतो. रोह्याच्या थेटरात तुफान चाललेल्या सिनेमाचा दुसरा भाग निघावा की नाही, यावरून. सिनेमाच्या शेवटी नायक होडीतून निघून जातो. "तो परत आला की नाय, कळायला नको?" माझी मैत्रीण तावातावाने म्हणाली. तेवढ्यात म्हाताऱ्या मावशीने मूर्तीचे डोळे आखायला कुंचला उचलला आणि आम्ही भांडण सोडून तिच्याभोवती जमलो. श्वास रोखून तिने शेवटची रेघ ओढली, आणि समोरची माती आमच्याकडे बघू लागली. मालक म्हणाले, "डावा डोळा जरा मोठा करा." मावशीने कुंचला धुऊन ठेवला. "आता तो बघतोय. उघडल्या डोळ्यांना परत हात नाय लावायचा." मालकांचे हात आपोआप जोडले गेले. मैत्रीण कितीतरी वेळ मूर्तीकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो त्याला होडीतच." इतक्या वर्षांनी परवा त्या सिनेमाचा दुसरा भाग लागला. नातीने विचारलं, तिकीट काढू? म्हटलं, तू बघून ये. फक्त तो परत आला का, ते मला सांगू नकोस.