बकरीने खाल्लेली झेंडी

निजामाच्या राज्यात मराठी मुलांसाठी लिहिणारी माणसं मोजकी, आणि त्यांच्यासाठी चित्रं काढणारी त्याहून मोजकी. त्या सगळ्यांचा मिळून एक मेळावा काचीगुडा स्टेशनाजवळच्या आमच्या वाचनालयात भरणार असं वडिलांनी एका शुक्रवारी जेवताना सांगितलं, तेव्हा मी घास तसाच हातात धरून बसले.

मी तेव्हा मुलींच्या मराठी शाळेत नुकती शिकवायला लागले होते. लग्न व्हायचं होतं. दुपारच्या तासाला मुली पेंगायला लागल्या की त्यांना जागं ठेवायला मी गोष्टी रचून सांगायची. त्यातल्या बऱ्या वाटल्या त्या घरी येऊन लिहून काढायची. वडिलांखेरीज त्या कोणी वाचल्या नव्हत्या. वडील अदालतीतून पेन्शन घेऊन घरी बसले होते आणि वाचनालयाच्या कमिटीवर होते.

"तू तुझी बकरीची गोष्ट वाच तिथे," ते म्हणाले.

"सगळ्या लोकांसमोर?"

"मग काय भिंतीसमोर? भिंतीसमोर वाचायला मेळावा कशाला लागतो?"

ती गोष्ट अशी होती. एका म्हातारीची बकरी रोज स्टेशनावर फिरायला जाते. एकदा गार्ड पाणी प्यायला वाकतो आणि बकरी त्याच्या काखेतली हिरवी झेंडी ओढून खाऊन टाकते. आता झेंडी दाखवल्याशिवाय गाडी सुटायची कशी? स्टेशनमास्तर येतो, हमाल येतात, उतारू खाली उतरतात. कोणी पालकाची जुडी हलवून बघतो, कोणी पोपटाचा पिंजरा उंच धरतो. शेवटी म्हातारी आपलं हिरवं लुगडं पिशवीतून काढून हलवते आणि गाडी निघते. मुलींना ही गोष्ट फार आवडायची, कारण आमच्या शाळेतून गाडीची शिटी ऐकू यायची आणि स्टेशनात बकऱ्या खरोखरच फिरायच्या.

त्या काळात आमच्याकडे कुठलीही सभा भरवायची तर पोलिसांची परवानगी लागे. वडिलांनी सुंदर उर्दूत अर्ज लिहिला, की हा मुलांच्या पुस्तकांचा जलसा आहे आणि ह्यात मुलांच्या पुस्तकांखेरीज काहीही बोललं जाणार नाही. परवानगी आली. जलशाला पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, हजर राहील, असंही सोबत आलं.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही नल्लकुंट्याहून झटक्यातून, म्हणजे आमच्याकडच्या एक्क्यातून, निघालो. आईने मला तिची जांभळ्या काठाची साडी नेसायला दिली होती आणि वडिलांनी काळी शेरवानी घातली होती. वाचनालयाच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला लिहिणारे बसले, दुसऱ्या बाजूला चित्रकार. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण बसले खरे. बायका आम्ही अगदी थोड्या, दाराजवळ बसलो. अमीनसाहेब मागे खुर्चीवर बसले. मिशा काळजीपूर्वक वळवलेले, शांत चेहऱ्याचे गृहस्थ होते.

अध्यक्ष पुण्याहून आले होते. मुलांच्या पुस्तकांत त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्यांचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. फक्त दर थोड्या वेळाने स्टेशनातून इंजिनाची शिटी होई आणि त्यांना थांबावं लागे. सुरुवातीला ते जरा चिडले. मग त्यांच्या लक्षात आलं की आमच्यापैकी कोणाला ती शिटी ऐकूच येत नाही, तेव्हा तेही हसून थांबायला लागले.

चहानंतर मला बोलावलं. पहिलं पान माझ्या आवाजात वाचलं गेलं की दुसऱ्या कोणाच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. पण बकरीने झेंडी ओढली तिथे कोणीतरी खुदकन हसलं आणि माझा श्वास मोकळा झाला. गोष्टीच्या शेवटी मी बकरीला लाजवलं होतं. ती मान खाली घालते, गार्डची क्षमा मागते, आणि मग तात्पर्य: विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घेऊ नये. मुलींना सांगताना मी हे कधी सांगत नव्हते. लिहिताना मात्र घातलं होतं, कारण छापील गोष्टींना तात्पर्य असतं.

वाचून खाली बसते तो मागून आवाज आला. "जनाब, एक बात," अमीनसाहेब उभे राहिले होते. "वो झंडी किसकी थी?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. निजामाच्या राज्यात बकरीने झेंडा खाल्ला, आणि तोही हिरवा, हे कुणाच्या कानाला कसं लागेल ह्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. मी वडिलांकडे बघितलं.

वडील सावकाश उठले. "रेलवे की, अमीनसाहेब. गार्ड की. कपडे का टुकडा, लकडी को बंधा हुआ."

अमीनसाहेबांनी थोडा विचार केला. "गार्ड की," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. बसता बसता पुन्हा म्हणाले, "और बकरी को कुछ हुआ तो नै?"

"नै साहेब. हजम कर गई."

मग मात्र सगळे हसले, अमीनसाहेबसुद्धा.

अध्यक्षांनी माझ्या गोष्टीवर बोलताना चांगलं तेच सांगितलं. फक्त एक सुचवलं, की म्हातारी 'नक्को' म्हणते आणि 'कायकू' म्हणते, तिथे शुद्ध मराठी घालावं. मुलांच्या कानावर वाचनातून तरी शुद्ध भाषा पडली पाहिजे. तात्पर्य त्यांना विशेष आवडलं होतं. मी मान हलवली.

दुपारच्या जेवणानंतर मी मागच्या अंगणात चिंचेखाली उभी होते. गोंड्याची लाल रुमी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. चित्रकारांच्या बाजूला बसलेले मी त्यांना पाहिलं होतं. शहरातल्या एका शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते आणि उर्दू मुलांच्या मासिकांत चित्रं काढायचे.

"बेटी, मराठी पूरी समझती नै मेरेकू," ते म्हणाले, "लेकिन बकरी समझी. फिरसे सुनाते क्या? अपनी जबान में."

आपली जबान म्हणजे आम्ही दोघंही रस्त्यावर बोलायचो ती दखनी. मी तिथेच पारावर बसून त्यांना गोष्ट सांगितली. वडील थोडं अंतर ठेवून पेपर वाचायला बसले. मास्तरसाहेबांनी मांडीवर पाट घेतला, कागद लावला आणि पेन्सिल हातात धरून नुसतंच माझ्याकडे बघत राहिले.

"बकरी काली है या चितकबरी?"

"मैंने सोचा नै, मास्तरसाब."

"कान लंबे हैं? गले में घंटी?"

तेही माझ्या डोक्यात नव्हतं. मी इतके दिवस ती बकरी सांगत होते आणि तिला एकदाही पाहिलं नव्हतं. मी डोळे मिटले. मग म्हटलं, "चितकबरी. एक कान मुडा हुआ. घंटी नै, लाल चिंधी."

"अब ठीक है," ते म्हणाले आणि पेन्सिल चालायला लागली.

मी बोलत होते तसे ते काढत होते. एखाद्या ठिकाणी मी शब्दांनी बराच वेळ घेतला की त्यांचा हात थांबायचा आणि ते वाट बघायचे. म्हातारी लुगडं हलवते तिथे मी दोनच वाक्यं बोलले आणि त्यांनी अख्खा फलाट भरून काढला. खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी, पोपटाचा पिंजरा, पंख्याने वारा घेणारा स्टेशनमास्तर. माझ्या गोष्टीत स्टेशनमास्तर वारा घेत नव्हता. पण घ्यायचाच, हे चित्र बघून कळलं.

शेवटचं चित्र त्यांनी माझ्यासमोर धरलं. बकरी मान ताठ करून आभाळाकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून झेंडीचं एवढंसं टोक लोंबत होतं.

"पर मास्तरसाब," मी म्हटलं, "आखिर में वो शरमाती है. माफी मांगती."

"बकरी कबी शरमाती क्या?" ते फार गंभीरपणे म्हणाले. "मेरे घर में हैं बकरियां. बिछौना चबाके ऐसाच आसमान देखती बैठतीं."

मी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. बकरी पुढे काय करणार, ते ह्या चित्रात सगळं होतं. तिला लाज वाटली नव्हती, उद्या ती पुन्हा स्टेशनात येणार होती आणि गार्डाने काखेत काहीही न ठेवलेलं बरं. मी लिहिलेला शेवट मी त्यांना पुन्हा वाचून दाखवायला लागले आणि दुसऱ्या वाक्यावर थांबले. वडिलांकडून शाईचं पेन मागून घेतलं आणि तिथेच पारावर बसून तो शेवट खोडला. तात्पर्यही खोडलं. 'नक्को' मात्र ठेवलं, कारण आता ती म्हातारी माझ्यासमोर काढलेली होती आणि ती दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांना बोलावलं होतं. ही कल्पना अध्यक्षांचीच, की मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी मुलांसमोर वाचून दाखवावं. काचीगुड्याची, बरकतपुऱ्याची, नल्लकुंट्याची मुलं आली. माझ्या वर्गातल्या मुली पुढची जागा धरून बसल्या. मास्तरसाहेबांनी रात्रीत चित्रांत रंग भरून आणले होते आणि भिंतीवर दोरी बांधून ती ओळीने लावली होती.

मी वाचायला उभी राहिले तर मुलं माझ्याकडे बघतच नव्हती. सगळे चेहरे दोरीकडे. एका मुलीने शेवटच्या चित्रातलं झेंडीचं टोक पाहिलं आणि शेजारणीला दाखवलं. मी पहिलं वाक्य वाचण्याआधीच हसू सुरू झालं आणि ओळीओळीने मागे गेलं. पण काय झालं ते आधीच कळलं म्हणून कोणाला गोष्ट नकोशी झाली नव्हती. उलट आता सगळ्यांना ती कशी झाली ते हवं होतं. मी वाचत गेले आणि जिथे चित्र बोलत होतं तिथे गप्प राहायला शिकत गेले. शेवटचं वाक्य होतं, 'गाडी गेली आणि बकरी तिथेच उभी राहिली.' त्यापुढे मी काहीच वाचलं नाही.

अध्यक्ष माझ्या जवळ आले. मला वाटलं, तात्पर्याचं विचारणार. त्यांनी विचारलंच.

"काढलं वाटतं?"

"हो. चित्रात ते बसेना."

ते चित्रापाशी गेले, चष्मा वर करून बघितलं. "तात्पर्य नसलं तरी चालतं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं लिहीत आलोय. पण ह्या बकरीपुढे ते कोणी ऐकणार नाही, हे मान्य." मग म्हणाले, "पुण्यात हे छापायला पाठवा. माझं नाव सांगा."

पुण्याला मात्र पाठवलं नाही; तिथे म्हातारीचं 'नक्को' टिकलं नसतं. मास्तरसाहेबांच्या ओळखीचा एक शिळाछापखाना होता, तिथे दगडावरून उर्दू पुस्तकं छापत. मराठी अक्षरांचे खिळे तिथे नव्हते, पण दगडाला खिळे लागत नाहीत. हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उठतं. वडिलांनी आमच्या ओसरीवर बसून मोठ्या बाळबोध अक्षरात अख्खी गोष्ट लिहून दिली. रंग दोनच परवडले, काळा आणि हिरवा. हिरवा फक्त झेंडीला, पालकाला, पोपटाला आणि लुगड्याला. त्यामुळे पान उघडलं की मूल आधी हिरवं शोधायचं, आणि हे आमच्यापैकी कोणी ठरवलं नव्हतं.

पुढे मास्तरसाहेबांबरोबर माझी आणखी पुस्तकं झाली. लग्नानंतरही मी शहरातच राहिले आणि सुटीच्या शुक्रवारी वडिलांकडे येत असे. मास्तरसाहेब ओसरीवर बसून चित्रं काढायचे, मी सांगायची. आई परक्या पुरुषांसमोर सहसा यायची नाही. दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा उंटाचं चित्र चाललं होतं. मी काही बोलायच्या आत आतून तिचा आवाज आला.

"शेपूट आखूड झालंय म्हणावं."

मी दखनीत सांगितलं. मास्तरसाहेबांनी कागद लांब धरून पाहिला, मान डोलावली आणि खोडरबर मागितलं.