कळशीवरची गाठ

ओतण्यासाठी नोराने कळशी तिरपी केली, तोच आजींनी तिचं मनगट धरलं.

"ठेव ती. माज्या पोऱ्याचं पानी हाय."

नोरा परदेशातून आमच्या नेरूळच्या कॉलेजात जागतिक आरोग्य शिकायला आली होती. सकाळी लेक्चर, दुपारी वस्तीत कम्युनिटी सर्व्हिस. मी तिची सुपरवायझर. ऐरोलीजवळच्या खाडीकाठच्या गावात त्या दिवशी आमचा 'कोरडा दिवस' होता. म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी वाळवायची, डासांच्या अळ्या मारायच्या.

आजींचा मुलगा मासेमारीला गेला. खाडीने त्याला परत दिलं नाही. तेव्हापासून उंबऱ्याशी ही कळशी. पाणी ओतायचं नाही, फक्त भर घालायची. मी टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या. अंगणात बोंबील सुकत होते, पण कळशीतून वास येत होता तो भरतीच्या गाळाचा. पाणी तर नळाचं होतं.

ऐरोलीत ऑफिसला जाणारी सून हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी मुलगी उद्या डेंग्यूतून बरी होऊन घरी येतेय. पुन्हा झाला तर जास्त डेंजर, डॉक्टर बोलले."

"आजी, निदान झाकू या?" मी म्हणाले.

"तोंड बांदल्यावर तो पियाचा कसा?"

नोराने मोडक्या मराठीत विचारलं, "आजी, कापड... गाठ. तो सोडेल?"

आजी पहिल्यांदाच हसल्या. "जाली विननारा तो! गाठीचं त्याला कसलं टेन्शन?"

पाणी फडक्यातून गाळलं, कळशी आतून घासली, तेच पाणी परत भरलं. तोंडावर दुहेरी मलमल. भर त्यावरूनच घालायची. नोराने बुटाच्या लेसला मारतात तशी गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात नात ओट्यावर पेरू खात बसली होती. कळशीत अळी नव्हती. पाणी चार बोटं उतरलं होतं. आणि मलमलीवर लेसची गाठ नव्हती. जाळ्याच्या आसाला, म्हणजे विणीतल्या एकेका भोकाला, असते तशी बारीक, कडक गाठ होती. कापडाच्या कडेला पांढरं मीठ धरलं होतं.

"गाठ कुणी बदलली?" मी विचारलं.

आजींनी संधिवाताने वाकडी झालेली बोटं पुढे केली. सून म्हणाली, "मला जाळं विणता येत नाही, मॅडम."

नोराने हळूच विचारलं, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"अळ्या आढळल्या नाहीत, एवढंच."

आता नव्या बॅचला मी पहिल्याच दिवशी सांगते: भांडं झाकण्याआधी त्यातून कोण पितं, ते विचारा. आणि गाठ सुटेल अशीच मारा.