खेळाडू म्हणजे कोण

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या हसण्याची मला अजून किळस येते. मीही हसलो होतो, म्हणून जास्तच येते.

मराठी दिनानिमित्त अबू हलीफातल्या एका हॉलमध्ये मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. प्रश्न माझेच. ऑफिसात चहा पिता पिता एका इंग्रजी यादीवरून उरकलेले. 'फुटबॉलमध्ये अमेरिकेकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल कोणत्या निवृत्त खेळाडूने केले?' मूळ यादीत 'पुरुष' असं स्पष्ट होतं. तो शब्द मी भाषांतरात खाल्ला. खेळाडू म्हटलं की पुरुषच, त्यात वेगळं काय लिहायचं!

माझी बारा वर्षांची मुलगी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. या दिवसासाठी मात्र तिने आईकडून वाक्यं घोटून घेतली होती. मी प्रश्न वाचताच ती उठली आणि एका निवृत्त अमेरिकन बाईचं नाव घेऊन म्हणाली, "तिने सगळ्यात जास्त गोल केले. खूप गोल डोक्याने केले."

"अरे वा, म्हणजे बायका डोकंसुद्धा वापरतात!" कार्यक्रमाचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले. हॉल खदखदून हसला. बायकाही हसल्या. फक्त तिची आई हसली नाही.

माझ्या कार्डावर एका पुरुषाचं नाव होतं. "बाबा, त्याचे कमी आहेत. तिचे तिप्पट," ती म्हणाली. खरंच होतं. त्या बाईचा एकेक गोल तिने जेवताना मला मोबाइलवर दाखवला होता आणि मी न बघता मान डोलावली होती. पण अध्यक्ष ऑफिसात माझे साहेब, आणि माझ्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"बेटा, आपण खऱ्या फुटबॉलबद्दल बोलतोय," ते म्हणाले.

मी दात काढले आणि म्हणालो, "उत्तर चूक."

काय लाचार माणूस! आजही ते आठवलं की स्वतःवरच थुंकावंसं वाटतं.

गाडीत मी तिला म्हणालो, "तुझंच उत्तर बरोबर होतं गं."

"आय नो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "यू न्यू टू."

आईशी ती हल्ली मराठीतच बोलते, चुका करत करत. मी खोलीत शिरलो की इंग्रजी सुरू होतं.