उजेडरावांची सेल-परीक्षा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना कामावरचे लोक उजेडराव म्हणत, आणि त्यात कौतुक निम्मंच असे. तिशीत असताना त्यांनी टॉर्चमध्ये एक नवा सेल आणि एक जुना सेल घातला होता. सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या शाफ्टमध्ये जुन्याने मान टाकली, टॉर्च विझला आणि उजेडराव पाऊण तास ग्रीसने माखलेल्या रुळाला मिठी मारून उभे राहिले. त्या पाऊण तासाने त्यांना जन्माचं शहाणपण दिलं. दुर्दैवाने ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं नाही.

घरातल्या प्रत्येक सेलवर मार्करने खरेदीची तारीख आणि जोडीचा नंबर असे. "सेलांचे वाढदिवस पाठ आहेत यांना. माझा विचारून बघा," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

मुलीने स्वतःच जोडीदार शोधला. तो कवळ्या बनवायचा. बाबांच्या मनाविरुद्ध जायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं, त्यामुळे सगळं रविवारच्या एका चहावर येऊन ठेपलं. मुलीच्या संसाराबद्दल परक्या माणसाशी काय बोलायचं ते उजेडरावांना कळेना. सेलांबद्दल बोलता येत होतं. चहाच्या कपांशेजारी त्यांनी चार्जिंगचे तीन सेल मांडले.

"जबर उजेडाचा टॉर्च आहे. यातला कोणता घालाल?"

मुलीने डोळे मिटून घेतले. पाहुण्याने मात्र पहिला सेल शांतपणे हातात घेतला.

"यावर क्षमता नऊ हजार नऊशे लिहिलीय, पण हाताला वजनच लागत नाही. आत काय भरलंय कोण जाणे. या दुसऱ्याचं वेष्टण फाटलंय, हाही नको. हा तिसरा तीनच हजार म्हणतो, पण चांगला जड आहे. फक्त टॉर्चला लागतो तेवढा करंट हा देईल का, ते मला नाही कळत. तुम्हाला विचारूनच घालीन."

"टॉर्चला दोन लागतात. दुसरा म्हणून घरातला जुना टाकला तर?"

"वरची कवळी जुनी आणि खालची नवी, असं बसत नाही काका. नको त्या दातावर भार येतो."

उजेडरावांना तो रूळ आठवला. आतून काहीतरी ऊबदार पसरत गेलं. आपण भावुक झालोय, असं त्यांना वाटलं. भावना अशी फक्त उजव्या मांडीत नसते, हे लक्षात येईपर्यंत चटका बसला होता. दार उघडायच्या गडबडीत तिसऱ्या सेलाचा जोडीदार त्यांनी किल्ल्यांच्या खिशात टाकला होता. किल्ली सेलाच्या दोन्ही टोकांना टेकली की तो तापतो, हे कधीही करू नका, म्हणून ते अख्ख्या गावाला सांगत फिरत.

पुढच्या क्षणी पँट जमिनीवर होती आणि उजेडराव पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत.

"मोठा उजेड पाडलात," बायको म्हणाली.

पाहुणा हसला नाही. त्याने स्वयंपाकघरातून चिमटा आणला, सेल उचलला आणि बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवला. परत येऊन त्याने पिशवीतून प्लास्टिकची छोटी डबी काढली. आत दोन सेलांचे दोन कप्पे होते.

"तुमच्यासाठी आणली होती. हिने सांगितलं, मिठाई नको, हीच आण."

मांडीवर उशी धरून उजेडराव त्या डबीकडे बघत राहिले.

"मग आधी का नाही दिलीस?"

"तुम्ही परीक्षा घेत होतात. मध्येच कसं बोलणार?"

माणूस त्यांना मनापासून आवडला होता. त्यांनी मार्कर मागितला, तिसरा सेल डबीत ठेवला आणि झाकणावर त्या दिवसाची तारीख घातली.

"लग्नाची तारीख तुम्ही ठरवा," मुलीकडे न बघता ते म्हणाले. "ही मी विसरणार नाही."