शालीतलं आयोडीन

हँगरमध्ये त्यांना सगळे शून्यकाका म्हणत. जमिनीतून नैसर्गिकपणे निघणारा किरणोत्सार विमानातून मोजतात. ते पेटीतलं यंत्र अचूक ठेवणं हे त्यांचं काम. आधी भिंतींचा, हवेचा, माणसांचा किरणोत्सार मोजून वजा करायचा, मग किती किरणोत्सारी द्रव्य मिसळलंय ते ठाऊक असलेल्या काँक्रीटच्या फरशांवर यंत्राचे आकडे जुळवायचे.

बायकोचा थायरॉइडचा कॅन्सर हाडांत पोचला, तेव्हा डॉक्टरांनी तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना बजावलं, आठवडाभर अंतर राखा. थोडा वेळ शेजारी बसलात तर चालेल. काका दाराशीच खुर्ची टाकून बसत.

"अहो, जवळ या की. चावते का मी?"

"आठवडा जाऊ दे. तुझा घाम माझ्या कपड्यांना लागला, की यंत्रात दिसणार. सगळं काम पाण्यात."

"बरी आहे हो माझी सवत! पेटीत बसून हुकूम सोडते."

आठवडा संपायच्या आतच तिच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली. काका खुर्चीवरून उठून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

कामावर परतले त्या सकाळी गारठा होता. हाताला लागली ती शाल त्यांनी पांघरली. ती तिची होती. यंत्र सुरू केलं, तर पडद्यावरच्या आलेखात भलत्याच जागी शिखर उभं राहिलं. काका मागे सरकले, ते बसलं. पुढे आले; उठलं.

"काका, केळ्यांचा अख्खा घड हाणलात की काय?" केळ्यांतल्या किंचित किरणोत्सारावरून पायलट हसला. इंजिनिअर बाईंनी आधी पडदा पाहिला, मग शाल. "गप्प बस रे," त्या म्हणाल्या.

काकांनी शाल बाहेर ठेवली, आकडे पुन्हा घेतले. उड्डाण वेळेवर झालं.

त्यानंतर काम आटोपलं की ते रोज ती शाल यंत्राजवळ धरत. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बाई किल्ल्या घेऊन दाराशी थांबत. एका संध्याकाळी काकांनी शाल बराच वेळ धरली, उलटी केली, पुन्हा धरली.

"आहे का हो काही?"

"नाही. आता भिंतीइतकंच."

त्यांनी शाल अंगावर घेतली आणि यंत्राला टेकून बसले. आकडा हलला नाही.